गढीचे छप्पर आणि लग्नाचा मांडव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या तीन खाड्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथल्या एका लहानशा बेटावर एलन डोनन नावाचा कॅसल उभा आहे. १९९८ सालच्या ‘कुछ कुछ होता है’च्या शीर्षकगीतात तो दिसला आणि नाव ठाऊक नसतानाही लाखो भारतीयांच्या डोळ्यांत बसला. करडा दगड, कमानींचा पूल, मागे डोंगर, खाली भरती-ओहोटीचे पाणी. परदेशात एखाद्या ऐतिहासिक कॅसलमध्ये लग्न करायचे असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्या मनात बहुधा याच जातीचे चित्र असते. बघणाऱ्याला वाटते की ही भिंत सातशे वर्षे अशीच लाटा झेलत उभी असणार. पण आज दिसणारी ही वास्तू पुरी झाली ती १९३२ साली. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ चे. म्हणजे हा ‘मध्ययुगीन’ कॅसल आपल्या गेटवेहून आठ वर्षांनी लहान आहे.

हे कसे घडले ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. बेटावर पहिली तटबंदी तेराव्या शतकात झाली. पुढे ती मॅकेन्झी घराण्याकडे आली आणि मॅक्रे कुळातली माणसे तिची किल्लेदारी करू लागली. १७१९ साली पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठाव झाला, त्याला स्पेनने शिपाई पाठवले आणि त्यांतले चाळीस-पन्नास जण दारूगोळ्यासह इथे ठाण मांडून बसले. त्या वर्षीच्या १० मे रोजी ब्रिटिश आरमाराच्या तीन जहाजांनी कॅसलवर तोफा डागल्या. आत शिरलेल्या तुकडीला बंदुकीच्या दारूची ३४३ पिंपे सापडली, आणि त्याच दारूतल्या काही पिंपांनी कॅसल उडवून देण्यात आला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे तिथे पडक्या भिंतींखेरीज काही नव्हते. १९११ मध्ये लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी ते बेट विकत घेतले आणि पुढची वीस वर्षे बांधकामावर घातली. कामावर देखरेख ठेवणारे फार्कर मॅक्रे यांना कॅसलचे मूळ रूप स्वप्नात दिसले होते, असे तिथे अजून सांगतात. मेजवानीच्या दालनाच्या तुळया कॅनडात स्थायिक झालेल्या मॅक्रे मंडळींनी पाठवल्या. फोटोत हमखास येणारा तो कमानींचा पूलही याच काळातला. १७१४ मध्ये लुई पेटिट या लष्करी अभियंत्याने केलेला जुन्या वास्तूचा आराखडा उपलब्ध आहे. आजची इमारत त्याच्याशी ताडून पाहिली तर बराच फरक आढळतो. बाहेर पहिल्या महायुद्धात पडलेल्या मॅक्रे कुळातल्या माणसांचे स्मारक आहे. माझ्या मते या वास्तूचा खरा अर्थ त्या स्मारकाजवळ उभे राहिल्यावर कळतो. जगभर पांगलेल्या एका कुळाने, आपली तरणी माणसे युद्धात गमावल्यावर, सगळ्यांना परत येता येईल असे एक घर उभे केले.

एलन डोनन हा अपवाद नाही, आणि म्हणूनच त्याच्यापासून सुरुवात केली. युरोपातल्या, विशेषतः ब्रिटन-आयर्लंडमधल्या, कॅसलमध्ये लग्न लावण्याची चाल मध्ययुगातून चालत आलेली नाही. कायदा, कर आणि कादंबरी या तिघांनी मिळून ती गेल्या दोनशे वर्षांत घडवली, आणि तिचे आजचे रूप तर जेमतेम तीस वर्षांचे आहे. हे कळले म्हणून अशा लग्नाची किंमत कमी होत नाही. मात्र जागा निवडण्याची कसोटी बदलते. वास्तू किती जुनी, या प्रश्नाला मग फारसा अर्थ राहत नाही. ती आजवर कशाच्या जोरावर टिकली आणि आपल्या लग्नाचा पैसा तिच्या छपराला लागणार की नाही, हे प्रश्न पुढे येतात.

कॅसल या शब्दाला आपण सहज ‘किल्ला’ म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रायगड, राजगड, प्रतापगड यांच्यासाठी जो शब्द वापरतो तोच शब्द एखाद्या स्कॉटिश सरदाराच्या घराला लावला की दोन्हींचे नुकसान होते. कॅसल म्हणजे तटबंदी असलेले खासगी घर. त्यात सरदार, त्याची बायकामुले, नोकरचाकर, धान्य आणि घोडे राहत. मराठीत याला नेमका शब्द आहे: गढी. देशमुखांची, पाटलांची, इनामदारांची गढी. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, चार कोपऱ्यांना बुरूज, अडसर लावायचा थोरला दरवाजा, आत चौक, चौकाभोवती सोपे, कुठेतरी धान्याचे पेव. गढी लढाईत उपयोगी पडे, पण ती होती संसारासाठी. आणि गढ्यांचे पुढे काय झाले ते मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात गावोगाव दिसते. वतने खालसा झाली, कूळकायदा आला, मग जमिनीवर कमाल मर्यादा आली. हे कायदे न्याय्यच होते. कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण गढी ज्या उत्पन्नावर उभी होती ते आटले. आधी छप्पर गेले. छप्पर गेल्यावर चार पावसाळ्यांत भिंती विरघळू लागल्या, आणि मग गावकऱ्यांनी ती पांढरी माती आपापल्या धाब्यांवर नेऊन घातली. युरोपातल्या गढ्यांची कहाणीही याच क्रमाने जाते, फरक आहे तो शेवटाचा.

आधी लग्नाचे पाहू. मध्ययुगीन युरोपात लग्न कॅसलमध्ये लागत नसे. ते चर्चच्या दारात लागे. शब्दशः दारात. वधूवर चर्चच्या उंबऱ्याबाहेर उभे राहत, गावासमोर एकमेकांना वचन देत, अंगठी आणि स्त्रीधनाची बोली तिथेच होई, आणि मग आत जाऊन प्रार्थना. चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या कथांमधली बाथची बाई आपले पाच नवरे सांगते, तेही चर्चच्या दारातलेच. यामागचे कारण सरळ होते: लग्न चोरून लागू नये, चार लोकांनी पाहावे. १२१५ च्या लॅटरन परिषदेने लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा करण्याचा नियम घालून दिला, तोही याचसाठी. आपल्याकडे मुलीच्या दारी मांडव पडे आणि सारा गाव अक्षता टाकायला येई, त्यामागेही हेच शहाणपण आहे. मोठ्या सरदारांच्या कॅसलमध्ये खासगी प्रार्थनाघर असे, तिथे घरातली काही लग्ने लागली असतील. पण कॅसलचे लग्नातले मुख्य काम म्हणजे जेवणावळ. लग्न देवाच्या दारात आणि पंगत गढीत.

इंग्लंडमध्ये पुढे कायद्याने ही रेघ आणखी ठळक केली. १७५३ चा विवाह कायदा पुढच्या वर्षी अमलात आला आणि ज्यू व क्वेकर सोडून बाकी सर्वांना चर्चमध्येच, पुकारा करून किंवा परवाना काढून, लग्न लावणे सक्तीचे झाले. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको आहोत’ एवढे म्हटले तरी लग्न ग्राह्य धरले जाई. त्यामुळे आईबापांचा विरोध असलेली इंग्लिश जोडपी घोडागाडी पिटाळत सीमेपलीकडच्या पहिल्या गावात पोचू लागली. ते गाव ग्रेटना ग्रीन. वाटेवर लागणाऱ्या लोहाराच्या ऐरणीवर लग्ने लागली. दूरच्या गावी जाऊन लग्न करण्याच्या ब्रिटिश प्रथेचा उगम शोधायचा असेल तर तो कॅसलच्या दिवाणखान्यात सापडत नाही, तो या लोहाराच्या दुकानात आहे. तिथे कोणी जागेच्या सौंदर्यासाठी येत नसे. कायद्याच्या फटीसाठी येई. १८५६ मध्ये एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये राहण्याची अट आली आणि १९४० मध्ये अशी लग्ने बंद झाली.

इंग्लंडात १८३७ पासून सरकारी निबंधकाच्या कचेरीत नोंदणी लग्न करता येऊ लागले, पण कचेरीतच. चर्च किंवा कचेरी, या दोन्हींबाहेर फारसे काही नाही, अशी स्थिती दीडशेहून अधिक वर्षे राहिली. खासदार जाइल्स ब्रँडरेथ यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून १९९४ चा विवाह कायदा झाला आणि एप्रिल १९९५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मान्यताप्राप्त इमारतींत नोंदणी लग्न लावण्याची मुभा मिळाली. हॉटेले, जुने वाडे, कॅसल यांनी परवान्यासाठी अर्ज केले. स्कॉटलंडमध्ये धर्मगुरूला कुठेही लग्न लावता येई. घरी किंवा पाद्र्याच्या निवासात लग्न लावणे तिथे एकोणिसाव्या शतकात सर्रास होते. पण निबंधकाने कचेरीबाहेर येऊन लग्न लावण्याची सोय तिथेही २००२ मध्ये झाली. म्हणजे कॅसलच्या दालनात सरकारी निबंधकासमोर सही करून होणारे लग्न, जे आज ‘शतकांची परंपरा’ म्हणून विकले जाते, त्याहून पुण्यातली कितीतरी मंगल कार्यालये जुनी आहेत.

कायद्याने दार उघडले, पण त्या दाराशी गर्दी का झाली? ते काम कादंबरीने आधीच करून ठेवले होते. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ १८१९ च्या अखेरीस आली आणि वाचकांना बुरूज, चिलखते, झेंडे यांचे वेड लागले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या एग्लिंटन कॅसलवर एका उमरावाने घोड्यांवरून भाले रोखून लढण्याच्या मध्ययुगीन खेळाचा महोत्सव भरवला. प्रचंड गर्दी लोटली आणि धो धो पावसाने सगळे चिंब झाले. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीने पांढरा पोशाख घालून लग्न केले आणि पांढऱ्या पोशाखाची चाल रुजली. मग तिने आणि अल्बर्टने बाल्मोरल विकत घेऊन १८५० च्या दशकात ते नव्याने, बुरुजांसह, बांधले. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने नॉयश्वानस्टाइनची पायाभरणी केली १८६९ मध्ये. तोवर युरोपात आगगाड्या धावू लागल्या होत्या आणि त्या कॅसलचा लढाईशी काडीचा संबंध नव्हता. तो ऑपेराच्या पडद्यावरच्या चित्रासारखा रचलेला होता. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा त्यातल्या राजकन्येच्या कॅसलमागे हेच चित्र होते. आज मुंबईतली किंवा न्यू जर्सीतली मराठी मुलगी कॅसल म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर येते ते या शृंखलेतले शेवटचे टोक. यात तिचा काही दोष नाही. पण ती ज्याला जुने समजते आहे ते एकोणिसाव्या शतकाने पाहिलेले जुन्याचे स्वप्न आहे, एवढे तिला कोणीतरी सांगायला हवे.

आता कर. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. १८९४ मध्ये ब्रिटिश सरकारने मृताच्या संपत्तीवर नवा कर बसवला. सर्वांत मोठ्या इस्टेटींना तेव्हा तो आठ टक्के होता. १९१९ मध्ये चाळीस टक्के झाला, १९४९ मध्ये ऐंशी टक्के. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, शेतीचे उत्पन्न घसरले, पगारी नोकर मिळेनासे झाले. बाप गेला की मुलाला कर भरायला जमीन विकावी लागे, जमीन गेली की घराचे उत्पन्न जाई, आणि शेवटी घर पाडून त्याचा दगड-लाकूड-शिसे विकणे हाच मार्ग उरे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९७४ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात अशा नष्ट झालेल्या हजाराहून अधिक वाड्यांची यादी होती. आयर्लंडमध्ये तर १९१९ ते १९२३ च्या धामधुमीत दोनशेहून अधिक जमीनदारी वाडे जाळले गेले. आणि स्कॉटलंडमध्ये आणखी एक विचित्र गोष्ट होती: छप्पर असलेल्या इमारतीवर घरपट्टी लागे, बिनछपराच्या इमारतीवर लागत नसे. म्हणून मालकांनी स्वतः छपरे उतरवली. ॲबर्डीनशायरच्या कड्यावरच्या स्लेन्स कॅसलचे छप्पर १९२५ मध्ये काढले गेले. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’शी ज्याचे नाव जोडले जाते तोच हा कॅसल. आज तिथे आभाळाखाली नुसत्या भिंती आहेत. ज्या कॅसलांची छपरे राहिली ती बहुतेक दुसऱ्याच कशाने राहिली: कोणाची शाळा झाली, कोणाचे रुग्णालय, कोणाचे हॉटेल. आयर्लंडचा ॲशफर्ड कॅसल तेराव्या शतकातला. १८५२ पासून गिनेस घराण्याकडे होता, त्यांनी तो वाढवला, आणि १९३९ मध्ये त्याचे हॉटेल झाले. लग्ने ही या यादीतली शेवटची भर. शेतसारा बंद झाल्यावर गढीला मिळालेला हा नवा सारा आहे.

लग्नाने कॅसल वाचवण्याची गोष्ट मात्र याहून जुनी आहे, आणि तिच्यात आपला हिंदुस्थान थेट येतो. वेल्समधला पोविस कॅसल तेराव्या शतकात एका वेल्श राजाने बांधला. १५८७ पासून तो हर्बर्ट घराण्याकडे होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस घराणे कर्जात आणि वास्तू मोडकळीला आली होती. १७८४ मध्ये त्या घरच्या हेन्रिएटा हर्बर्टने एडवर्ड क्लाइव्हशी लग्न केले. हा एडवर्ड म्हणजे प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. पुढे १७९८ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला. हेन्रिएटाचा भाऊ १८०१ मध्ये अविवाहित वारला, इस्टेट तिच्या मुलाकडे आली, आणि त्यासाठी मुलाने १८०७ मध्ये बापाचे क्लाइव्ह आडनाव टाकून आईचे हर्बर्ट आडनाव लावले. एकीकडे जुने नाव आणि गळके छप्पर, दुसरीकडे बंगालचा पैसा. दोघांची सोयरीक जमली आणि कॅसलची डागडुजी झाली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाचा छापील सुती कापडाचा तंबू या कुटुंबाकडे आला. फुलांच्या कुंड्यांची नक्षी असलेला तो तंबू पोविसच्या बागेत मेजवान्यांसाठी मांडव म्हणून उभारला जाई. आजही तो तिथल्या संग्रहात आहे.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. ज्या दगडांना आपल्याच देशाच्या लुटीचा पैसा लागला, तिथे जाऊन आपण सनई वाजवावी का? हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारू नये. पण त्याचे उत्तर सगळ्या कॅसलांना एकसारखे लागू पडत नाही. एलन डोनन एका कर्नलने आपल्या कुळासाठी बांधला. स्कॉटलंडमधल्या डॉर्नॉकजवळचा स्किबो कॅसल अँड्रू कार्नेगीने अमेरिकन पोलादाच्या पैशातून वाढवला. पोविस क्लाइव्हच्या पैशाने सावरला. प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे आणि तो आता विचारता येतो. ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ताब्यातल्या वास्तूंचे वसाहतींशी आणि गुलामीशी असलेले संबंध नोंदवणारा अहवाल काढला; त्यात त्र्याण्णव जागा होत्या. त्यावर तिथे मोठा गदारोळ झाला, तरी नोंदी झाल्या. जी वास्तू आपल्या भिंतीवर हा हिशेब लिहून ठेवते तिथे जाण्यात मला कमीपणा वाटत नाही. जी तो झाकून फक्त राजकन्येची गोष्ट सांगते, तिथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप नकलीपणाचा: १९३२ ची भिंत तेराव्या शतकाची म्हणून दाखवणे ही फसवणूक नाही का? जोडप्याला तसे सांगून जागा दिली तर जरूर आहे. पण डागडुजी, भर, पुनर्बांधणी हेच गढीचे आयुष्य असते. आपली देवळे पाहा: हेमाडपंती गाभारा, पेशवाईतला सभामंडप, गेल्या वर्षीचा सिमेंटचा कळस. आपण त्याला खोटे म्हणत नाही, जीर्णोद्धार म्हणतो. फक्त जीर्णोद्धार कोणी, कधी केला ते दगडावर कोरून ठेवतो, आणि तेच महत्त्वाचे.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे. पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये परदेशात जाऊन लग्न करण्याच्या चालीवर नाराजी दाखवली आणि लग्ने देशातच करण्याचे आवाहन केले. ग्लासगो, लेस्टर किंवा डब्लिनमध्ये ज्यांचा संसार आहे त्या मराठी कुटुंबांना हा आक्षेप लागू होत नाही. त्यांच्यासाठी ते परदेश नव्हे, त्यांच्या जिल्ह्यातली गढी आहे. पुण्याहून दोनशे माणसे विमानाने नेणाऱ्यांना मात्र तो लागू होतो, आणि छपराचा माझा युक्तिवाद त्यांच्या कामाचा नाही. छप्परच वाचवायचे तर गळणारी छपरे त्यांच्या गावाजवळ आहेत.

मग आपल्या किल्ल्यांवर लग्ने का नकोत, हा प्रश्न ओघाने येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पंचवीसेक किल्ले खासगी व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने देऊन तिथे हॉटेले आणि लग्नसमारंभ होणार, अशी बातमी आली आणि राज्यभर संताप उसळला. छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, असे सरकारला सांगावे लागले. त्या संतापात गढी आणि गड यांचा भेद लोकांना आतून बरोबर कळला होता. गड कोणा घराण्याची मालमत्ता नाही. तिथे माणसे स्वराज्यासाठी मेली आणि ती आठवण सगळ्यांची आहे. यावर कोणी एडिनबरा कॅसलचा दाखला देईल. तो स्कॉटलंडचा खराखुरा राष्ट्रीय गड, आणि तिथे लग्ने लागतात. लागतात हे खरे. पण कुठे ते पाहा. गडावरची सर्वांत जुनी इमारत म्हणजे बाराव्या शतकातले संत मार्गारेटचे प्रार्थनाघर. आत जेमतेम वीस-पंचवीस माणसे मावतात. तिथे ताजी फुले ठेवण्याचे काम मार्गारेट नावाच्याच स्त्रियांचे एक मंडळ करते. एवढ्याशा खोलीत लागणाऱ्या लग्नाने गडाचे गडपण जात नाही. तो कोणाला भाड्याने गेलेला नाही, रोज हजारो लोक तिकीट काढून तो पाहतात. मंगलाष्टकांना विरोध नाही. विरोध आहे तो गड बंद करून त्याचे मंगल कार्यालय करण्याला.

ज्यांनी जायचे ठरवलेच आहे त्यांनी दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. पहिली कायद्याची. स्कॉटलंडमध्ये लग्नासाठी तिथे आधी राहण्याची अट नाही, पण तारखेच्या किमान २९ दिवस आधी निबंधकाकडे अर्ज पोचला पाहिजे आणि भारतीय पारपत्रधारकांना लग्नासाठीचा वेगळा व्हिसा लागतो. इंग्लंडच्या कॅसलमध्ये निबंधकासमोरच्या लग्नात धार्मिक विधी चालत नाही; सप्तपदी वेगळी करावी लागते, आणि जुन्या लाकडी तुळयांखाली होम पेटवू देतात का, हे लेखी विचारून घ्यावे. फ्रान्समध्ये तर कॅसलमधल्या सोहळ्याला कायद्याने काहीच अर्थ नाही. खरे लग्न गावच्या नगरपालिकेत लागते, आणि त्यासाठी वधूवरांपैकी एकाचा किंवा त्यांच्या आईबापांचा त्या गावाशी वास्तव्याचा संबंध लागतो. दुसरी गोष्ट छपराची. भाड्यातला किती पैसा वास्तूच्या दुरुस्तीला जातो, मालकी कोणाची, विश्वस्त निधी आहे की खासगी कंपनी, आजच्या भिंती कोणत्या सालच्या, एरवी गावकऱ्यांना आत येता येते का, हे सगळे विचारावे. एलन डोनन १९५५ पासून लोकांसाठी खुला आहे आणि १९८३ पासून एका धर्मादाय विश्वस्त निधीकडे आहे; तिथे या प्रश्नांना उत्तरे मिळतात.

आणि विमानाची तिकिटे काढण्याआधी एक रविवार मोडून आपल्या आजोळी किंवा मूळ गावी जाऊन यावे. एखाद्या गढीचा चौक अजून शाबूत असेल, सोप्यावर थोडे छप्पर उरले असेल, तर तिथे उभे राहून पाहावे की या चौकात दीडशे पाने वाढता येतील का.